स्वतःची मराठी स्टॅटिक वेबसाइट: उभारणीपासून देखभालीपर्यंत

लोकांना नेटवर फुकट लिहू देणाऱ्या सेवांपैकी जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ अखेर आणि गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. तिन्ही वेळा आधी सूचना आली होती, मजकूर उतरवून घ्यायला मुदतही मिळाली होती. तरी पुष्कळांचं लेखन गेलं, कारण ज्या चौकटीत ते टाइप केलं तिथेच त्याची एकुलती एक प्रत होती. मराठीत हौसेनं आणि मेहनतीनं लिहिलेला मजकूर नेटवर आधीच कमी, त्यामुळे तो गेल्याचं दुःख मला जास्त वाटतं.

स्टॅटिक साइटमध्ये हा क्रम उलटा असतो. मूळ प्रत तुमच्या संगणकावर, साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये राहते आणि तिच्यावरून तयार झालेली पानं नेटवर जातात. उद्या होस्टिंग (पानं नेटवर ठेवणारी सेवा) बदललं, साधन बदललं, सजावट बदलली तरी मजकुराला हात लावावा लागत नाही. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर निवडली आहे: पंधरा वर्षांनी ही फाइल उघडेल का, आणि लेख त्याच पत्त्यावर सापडेल का.

उदाहरणासाठी एक खरी साइट डोळ्यांसमोर ठेवू. माझ्या आत्यानं जात्यावरच्या ओव्यांवर दिवाळी अंकांत आणि तालुक्याच्या साप्ताहिकात पुष्कळ लिहिलं. ते सगळं एका पत्त्यावर आणायचं होतं. तुमच्याकडे कविता असतील, गडांच्या नोंदी असतील, गावच्या इतिहासाचं टिपण असेल. काम थोड्याफार फरकानं हेच आहे.

स्टॅटिक म्हणजे काय, आणि ते कुणासाठी नाही

वर्डप्रेससारख्या साइटवर कुणी पान उघडलं की सर्व्हरवर पीएचपीचा प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून मजकूर काढतो आणि पान जुळवून देतो. स्टॅटिक साइटमध्ये ही जुळवणी एकदाच, तुम्ही बदल केल्यावर होते. तयार एचटीएमएल फाइली सर्व्हरवर नुसत्या ठेवलेल्या असतात. डेटाबेस नाही, त्यामुळे तो बिघडण्याचा प्रश्न नाही. साइटला स्वतःचं लॉगिन नाही, त्यामुळे तिथून कुणी आत शिरत नाही. प्लगइन अपडेट करत बसावं लागत नाही. सर्व्हरला काम इतकं थोडं पडतं की छोटी साइट फुकट ठेवू देणाऱ्या सेवा सहज मिळतात.

ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या असतील, सभासदांना लॉगिन द्यायचं असेल किंवा तीन-चार जणांना मोबाइलवरून रोज मजकूर टाकायचा असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नका. ओढूनताणून तेही जमवता येतं, पण त्यात साधेपणा राहत नाही आणि साधेपणासाठीच तर हे करायचं.

साधन कोणतं घ्यावं

साध्या मजकुरातून पानं तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात. त्यात तीन नावं वारंवार कानांवर येतील. जेकिल सगळ्यांत जुनं, २००८ चं, रूबी भाषेतलं. ह्युगो २०१३ चं, गो भाषेतलं. इलेव्हन्टी त्यांच्यानंतरचं, जावास्क्रिप्टवर चालणारं. मी ह्युगो सुचवेन. तो एकच स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, त्याच्यासोबत दुसरं काही बसवावं लागत नाही. बाकीच्या दोघांना आधी रूबी किंवा नोड बसवावं लागतं, त्यांची पॅकेजेस लागतात, आणि तीन-चार वर्षांनी संगणक बदलल्यावर ती सगळी साखळी पुन्हा जुळवण्यात दिवस जातो.

एकूण पानं दहाच्या आतच राहणार असतील तर जनरेटरही नको. हातानं एचटीएमएल लिहा. एक पान नीट करायचं, त्याच्या प्रती काढायच्या, मजकूर बदलायचा. असली साइट वीस वर्षांनीही जशीच्या तशी उघडते.

आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा

बहुतेक जण थीम निवडण्यापासून सुरुवात करतात. तुम्ही मजकुरापासून करा, कारण सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि घाई केली तर सगळ्यांत जास्त नुकसानही इथेच होतं.

जुनं मराठी टायपिंग श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत झालेलं असतं. त्या फाइलींत आत रोमन अक्षरांचे कोड असतात. फॉन्टमुळे ते देवनागरी दिसतात इतकंच. फॉन्ट काढला की निरर्थक रोमन अक्षरं उरतात. गूगलला त्यात काही सापडत नाही, मोबाइलवर ते वाचता येत नाही. म्हणून असा प्रत्येक लेख कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा ठरलेला कोड असलेल्या पद्धतीत, आणावा लागतो. कन्व्हर्टर निवडताना फॉन्टचं नेमकं नाव बघा, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांची जुळणीही वेगळी असू शकते.

रूपांतर झाल्यावर मजकूर वरवर बरोबर दिसतो. चुका ठरावीक जागी लपलेल्या असतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे आणि रफार अक्षर संपल्यावर. त्यामुळे ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘कीर्तन’ असे शब्द तपासा. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की, म्हणजे ‘सर्वांना’, ‘कार्यांत’ अशा ठिकाणी, दोन्हींतलं एक हमखास गळतं.

मग येतो ‘ऱ्या’. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘येणाऱ्या’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण दुसऱ्या प्रकारातलं ते अदृश्य चिन्ह एखाद्या सॉफ्टवेअरमधून कॉपी-पेस्ट करताना गळून पडतं आणि ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. आत्याच्या लेखांत मी सगळीकडे पहिलाच प्रकार ठेवला. ‘ॲ’चंही तसंच: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं, त्याआधीचा मजकूर ‘अ’ला वरती चंद्र जोडून लिहिलेला असतो. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. टेक्स्ट एडिटरमध्ये सगळ्या फाइलींवर एकदमच ‘शोधा आणि बदला’ चालवलं की काम होतं. त्यानंतर मात्र प्रत्येक लेख मूळ छापील अंकाशी ताडून वाचायलाच हवा, आणि हे वाचन स्वतः करावं.

मार्कडाउन फाइली

शुद्ध केलेला मजकूर मार्कडाउनमध्ये ठेवायचा. ही २००४ सालची खूणपद्धत आहे: ओळीच्या सुरुवातीला # दिलं की शीर्षक, दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की ठळक. फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते आणि ह्युगो उद्या नाहीसा झाला तरी वाचता येते. एका लेखाला एक फाइल.

मराठी मजकुरात दोन ठिकाणी मार्कडाउन अडतो. पहिलं ठिकाण कविता आणि ओव्या. तुम्ही पुढची ओळ खाली लिहिली तरी तयार पानावर दोन्ही ओळी सलग येतात. ओळ तोडायची असेल तिथे शेवटी दोन स्पेस द्या किंवा उलटी तिरपी रेघ \ द्या. स्पेस दिसत नाहीत आणि पुष्कळ एडिटर त्या परस्पर पुसतात, म्हणून मी रेघच वापरते.

दुसरं ठिकाण आपल्या प्रत्ययांमुळे येतं. अवतरणचिन्हांसकट शब्द ठळक केला आणि त्याला लगेच ‘चा’, ‘ला’, ‘मध्ये’ जोडलं, म्हणजे **‘ओवी’**चा असं लिहिलं, तर नियमानुसार शेवटच्या तारका बंद होत नाहीत आणि पानावर तारकाच दिसतात. अवतरणचिन्हं बाहेर आणि तारका आत घ्या: ‘**ओवी**’चा. एवढ्यानं प्रश्न सुटतो.

फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवा. वर सांगितलेली ‘ऱ’ची दोन रूपं फाइलीच्या नावातही येऊ शकतात, मग मॅकवरची फाइल विंडोजवर किंवा सर्व्हरवर सापडत नाही आणि कारण समजायला फार वेळ लागतो.

ह्युगो बसवणं आणि साइट सुरू करणं

विंडोजवर विंगेटनं, मॅकवर होमब्रूनं, लिनक्सवर तुमच्या नेहमीच्या पॅकेज व्यवस्थेतून ह्युगो बसतो. एक्स्टेंडेड आवृत्ती घ्या, काही थीमना तीच लागते. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. इथे त्यांचा उच्चार देते.

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘ह्युगो न्यू साइट’ लिहून पुढे फोल्डरचं नाव द्या. नवा फोल्डर तयार होतो आणि त्यात आणखी काही फोल्डर असतात. रोजचा संबंध तिघांशीच येतो. ‘कन्टेन्ट’मध्ये लेख, ‘लेआउट्स’मध्ये पानांचे साचे, ‘स्टॅटिक’मध्ये फॉन्ट आणि तशाच न बदलणाऱ्या फाइली. बाहेर एक सेटिंगची फाइल असते, तिच्या नावाच्या शेवटी ‘टॉमल’ असतं. तिच्यात साइटचा पूर्ण पत्ता, साइटचं नाव आणि मराठीचा कोड म्हणजे ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन अक्षरं भरा.

नवीन लेखासाठी ‘ह्युगो न्यू कन्टेन्ट’ आणि पुढे फाइलचा मार्ग. तयार झालेल्या फाइलच्या डोक्यावर शीर्षक, तारीख आणि ‘ड्राफ्ट’ अशा ओळी येतात. ड्राफ्टसमोर ‘ट्रू’ असेल तोवर लेख प्रकाशित होत नाही. ‘ह्युगो सर्व्हर’ ही आज्ञा दिली की साइट तुमच्याच संगणकावर, १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर दिसते. तिच्यापुढे वजाचं चिन्ह आणि मोठा डी जोडला तर ड्राफ्टही दिसतात. फाइल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान आपोआप बदलतं. नुसतं ‘ह्युगो’ लिहून एंटर मारलं की ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरमध्ये पूर्ण साइट तयार होते.

तारखेची एक गोम भारतातल्या जवळपास प्रत्येकाला भेटते. ह्युगो भविष्यातली तारीख असलेला लेख प्रकाशित करत नाही. तुम्ही सकाळी दहाला लेख लिहून तारखेपुढे हातानं दहा वाजताची वेळ टाकली आणि वेळेचा विभाग लिहिला नाही, तर ह्युगो ती वेळ ग्रीनिचची समजतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. म्हणजे साडेतीन वाजेपर्यंत तुमचा लेख साइटवर येतच नाही, चूक सांगणारा कुठलाही संदेश दिसत नाही, आणि माणूस साचे उघडून चूक शोधत बसतो. सेटिंगच्या फाइलमध्ये टाइमझोन ‘एशिया’, तिरपी रेघ, ‘कोलकाता’ असा दिला की हे कायमचं मिटतं.

थीमबद्दल माझं मत ठाम आहे: जमत असेल तर तयार थीम घेऊ नका. ह्युगोच्या थीम बहुतेक इंग्रजीसाठी बनलेल्या असतात, त्यात तुम्हाला न लागणाऱ्या पन्नास सोयी असतात, आणि ह्युगोची नवी आवृत्ती आली की त्या मोडतात. साचे ठेवण्याच्या फोल्डरांची रचना मध्यंतरी बदलली तेव्हा हा त्रास पुष्कळांना झाला. मुखपृष्ठ, यादी आणि लेख यांचे तीन साचे आणि या तिघांना गुंडाळणारा एक सामाईक साचा, एवढ्यात व्यक्तिगत साइट पूर्ण होते. एचटीएमएल अजिबात येत नसेल तर साधीशी थीम घ्या, पण तिची प्रत आपल्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा आणि ‘पुढे वाचा’, ‘मागील लेख’ असे शब्द भाषांतराच्या फाइलमध्ये मराठीत भरा.

देवनागरी नीट दिसण्यासाठी

सगळ्यांत आधी साच्यातल्या पहिल्याच एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी आहे हे लिहिलं गेलंय का बघा. हे दोन अक्षरांचं काम आहे, पण नोटो सान्स देवनागरीसारखे काही फॉन्ट त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. अंध वाचकांचं स्क्रीन रीडरही त्यावरूनच मराठी आवाज निवडतं.

फॉन्टसाठी मुक्ता हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट मोबाइलवर स्वच्छ वाचता येतो. लांब लेखांसाठी, पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, म्हणून गूगलच्या सर्व्हरवरून मागवण्याऐवजी स्वतःच्या साइटवर ठेवा. मुक्ताची, वेबसाठीच्या वॉफ-टू स्वरूपात, फक्त दोन वजनं, साधं आणि ठळक, पुरतात. आकार आणखी कमी करायला फॉन्टातली नको ती अक्षरं काढून टाकता येतात, पण तसं करताना जोडाक्षरांचे नियम शाबूत राहतील असा पर्याय निवडा आणि न दिसणारी दोन जोडचिन्हं ठेवाच. हे विसरलं की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ सुटे सुटे पडतात.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या नियमांत, मूळ अक्षर १८ ते २० पिक्सेल, ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ ते १.८ पट. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठरवलेलं १.४ किंवा १.५ पट अंतर दिलं तर ओळी एकमेकींत अडकतात. मोठ्या पडद्यावर ओळीची लांबी अक्षराच्या साधारण ३४ पटीपुरतीच ठेवा. अक्षरांमध्ये जादा अंतर देणारं लेटर-स्पेसिंग पूर्ण बंद, कारण त्यानं शिरोरेषा जागोजागी तुटते. तिरपी अक्षरंही नकोत: बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं तिरपं वळण नसतं, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरपं करतो. जोर द्यायला ठळक अक्षर वापरा. दोन्ही कडा सारख्या करू नका, अरुंद मोबाइलवर शब्दांत मोठमोठी भगदाडं पडतात.

लेखांचे पत्ते

लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवायचा मोह होतो. ब्राउझरमध्ये तो सुंदर दिसतोही. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरं होतात. ‘पुस्तक’ या शब्दात आतून सहा चिन्हं आहेत, म्हणजे एका शब्दाचे ५४ कॅरॅक्टर. तीन शब्दांचं शीर्षक असेल तर व्हॉट्सॲपवर चार ओळींची लिंक जाते आणि कधी मध्येच तुटते. रोमनमध्ये दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता द्या आणि तो परत कधीही बदलू नका. बदलावाच लागला तर लेखाच्या डोक्यावर ‘एलियासेस’ या नावानं जुना पत्ता नोंदवा. ह्युगो जुन्या जागी एक छोटं पान ठेवून वाचकाला नव्या जागी पाठवतो.

चित्रं

मोबाइलवर काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी स्वरूपात सेव्ह करा, आकार बराच खाली येतो. फोटोच्या आत तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. घरात काढलेला फोटो असेल तर तुमच्या घराचा पत्ताच गेला असं समजा. ही माहिती पुसूनच फोटो चढवा. प्रत्येक चित्राला मराठीत वर्णन द्या, आणि ते ‘फोटो १’ असं न देता ‘जात्याचा खुंटा धरून दळणाऱ्या दोघी’ असं द्या.

गिट आणि होस्टिंग

फोल्डरमध्ये गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू करा. प्रत्येक बदलाची नोंद राहते, मागच्या कुठल्याही अवस्थेला परत जाता येतं. ‘पब्लिक’ फोल्डर गिटमध्ये घेऊ नका, तो केव्हाही नव्यानं बनतो.

फुकट होस्टिंगसाठी गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस आणि नेटलिफाय हे नेहमीचे पर्याय. गिटहबवर तुमच्या वापरकर्ता-नावानं सुरू होणारा आणि ‘डॉट गिटहब डॉट आयओ’नं संपणारा रेपो (गिटनं सांभाळलेल्या फोल्डरची तिथली जागा) उघडा, सेटिंगमध्ये पेजेस या भागात जाऊन स्रोत म्हणून गिटहब ॲक्शन्स निवडा आणि ह्युगोचा तयार कार्यक्रम घ्या. यापुढे तुम्ही बदल पुश केला, म्हणजे गिटहबवर पाठवला, की साइट तिकडे आपोआप तयार होऊन प्रकाशित होते. प्रकाशित साइट १ जीबीच्या आत आणि महिन्याची वाहतूक १०० जीबीच्या आसपास अशी मर्यादा आहे. मजकुराची साइट तिथवर पोचत नाही.

त्या कार्यक्रमाच्या फाइलमध्ये ह्युगोच्या आवृत्तीचा क्रमांक असतो. तुमच्या संगणकावर जो आहे तोच तिथे लिहा. ‘नेहमी नवी’ असं ठेवलं तर एके दिवशी काहीही न बदलता साइट मोडते.

गोपनीयतेच्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघाव्यात. गिटहबच्या मोफत खात्यावर पेजेस वापरायचं तर रेपो सार्वजनिक ठेवावा लागतो. म्हणजे साइटवर न दिसणारे तुमचे ड्राफ्ट रेपोत कुणालाही दिसतात, आणि पुसलेला मजकूरही इतिहासात राहतो. अर्धवट आत्मचरित्र किंवा घरातली पत्रं असतील तर रेपो खासगी ठेवा आणि क्लाउडफ्लेअर किंवा नेटलिफायला जोडा. दुसरी गोष्ट, गिट प्रत्येक नोंदीत तुमचा ईमेल पत्ता लिहितं. गिटहब यासाठी एक आडपडद्याचा पत्ता देतं, तो गिटच्या सेटिंगमध्ये भरा.

डोमेन

खर्च असेल तर एवढाच, आणि तो कराच. स्वतःचं डोमेन, म्हणजे पैसे भरून नोंदवलेलं साइटचं नाव, असलं की होस्टिंग बदललं तरी वाचकाचा पत्ता तोच राहतो. शेवटी ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ असलेलं, फोनवर सांगितलं तर स्पेलिंग न विचारता लिहिता येईल असं नाव निवडा. मराठी नावांत इथे अडचण येते: ‘ओवी’ व्ही घालून लिहायचं की डब्ल्यू, शेवटी आय की डबल ई. शक्य असेल तर एकाच प्रकारे लिहिलं जाणारं नाव घ्या. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. दिसायला छान आहे, पण बऱ्याच ॲपमध्ये त्याची लिंक होत नाही किंवा रोमन अक्षरांची न समजणारी मालिका दिसते. घ्यायचंच तर दुसरं डोमेन म्हणून घ्या आणि मुख्य पत्त्याकडे वळवा.

नोंदणी तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्या स्वतःच्या खात्यातून झाली पाहिजे. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या खात्यात डोमेन राहतं, पुढे तो परगावी जातो, आणि नाव हातचं जातं. संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन संपलं की नूतनीकरणाची आठवणही येणार नाही. आपोआप नूतनीकरणावर विसंबू नका: १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून परस्पर होणाऱ्या वसुलीला आधी रीतसर संमती नोंदवावी लागते, आणि परदेशी कंपन्यांकडची वसुली त्यात अडकते. मी एकदम पाच वर्षांचे पैसे भरते; एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात.

होस्टिंगच्या मदतपानावर दिलेल्या डीएनएस नोंदी (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते त्या सांगतात) रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, भरल्या की काही वेळात, फार तर एक-दोन दिवसांत पत्ता जोडला जातो. कुलपाचं चिन्ह दाखवणारं प्रमाणपत्र होस्टिंगच मिळवतं आणि मुदत संपण्याआधी बदलतं. सेटिंगमध्ये ‘एचटीटीपीएस सक्तीचं’ हा पर्याय तेवढा चालू करा.

लोकांपर्यंत पोचवणं

मराठी लेख मुख्यतः व्हॉट्सॲपवरून फिरतात, म्हणून तिथे लिंकसोबत दिसणारं शीर्षक, दोन ओळींचा सारांश आणि चित्र नीट येणं महत्त्वाचं. ही माहिती साच्यात ओपन ग्राफच्या टॅगमध्ये द्यायची. चित्राचा पत्ता साइटच्या नावासकट पूर्ण द्या आणि चित्र हलकं ठेवा. एकदा दिसलेला तपशील व्हॉट्सॲप काही काळ साठवून ठेवतं, त्यामुळे पहिली लिंक पाठवण्याआधीच हे तपासा. साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) आणि आरएसएस (नव्या लेखांची खबर देणारी फाइल) ह्युगो आपणहून बनवतो. गूगल सर्च कन्सोलमध्ये डोमेन नोंदवून साइटमॅपचा पत्ता द्या.

देखभाल

स्टॅटिक साइटला रोजची देखभाल नसते, म्हणून ती विसरली जाते. मी वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, सगळं एकत्र बघते. बाहेरच्या लिंक जिवंत आहेत का हे लिची नावाच्या मोफत साधनानं तपासायचं. मेलेल्या लिंकऐवजी वेबॅक मशीनवरची (ही जुन्या वेबपानांच्या प्रती जपणारी सेवा) प्रत जोडायची. आपली नवी पानंही त्याच वेळी वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाकायची. डोमेनची मुदत, नोंदणीतला फोन आणि ईमेल बघायचा. ह्युगो चालतोय तर दरवेळी नवा घ्यायची गरज नाही. घ्यायचा झाला तर आधी वेगळ्या फोल्डरमध्ये साइट बनवून जुन्या ‘पब्लिक’शी ताडायची आणि मगच सर्व्हरवरचा आवृत्ती-क्रमांक बदलायचा. चालू ह्युगोची इन्स्टॉल फाइल साइटच्या प्रतीसोबत ठेवून द्या, पुढे कधी जुनी साइट जशीच्या तशी बनवायची वेळ आली तर ती उपयोगी पडते.

प्रती किमान तीन हव्यात: संगणकावर, गिटहबसारख्या सेवेवर, आणि घरातल्या पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर. तिसऱ्या प्रतीत मार्कडाउनसोबत तयार ‘पब्लिक’ फोल्डरही ठेवा, म्हणजे ह्युगो नसलेल्या माणसालाही लेख ब्राउझरमध्ये उघडता येतील. गिटहबच्या दुहेरी सुरक्षेचे रिकव्हरी कोड छापून कागदपत्रांच्या फायलीत लावा. फोन हरवला तर त्यांच्याशिवाय खातं परत मिळणं अवघड.

साइट आपल्यानंतर कुणी बघायची हेही ठरवावं. गिटहबच्या सेटिंगमध्ये खात्याचा उत्तराधिकारी नेमता येतो. त्या व्यक्तीचंही गिटहबवर खातं लागतं. डोमेनसाठी तशी सोय गृहीत धरू नका. डोमेन कुणाकडे नोंदवलं आहे, मुदत केव्हा संपते, पैसे कसे भरायचे, मूळ फाइली कुठे आहेत आणि ‘पब्लिक’ फोल्डर कुठल्याही होस्टिंगवर नुसता चढवला तरी साइट चालते, एवढं एका कागदावर मराठीत लिहा. घरातल्या ज्या तरुण माणसाला हे जमेल त्याच्यासमोर बसून एकदा एक लेख त्याच्याच हातून प्रकाशित करून घ्या. आमच्याकडे भाचीनं दळणाच्या ओव्यांवरच्या लेखातली एक चुकलेली ओळ दुरुस्त करून पुश केली, आणि कागदावर कुठल्या दोन पायऱ्या लिहायच्या राहिल्या होत्या ते तिच्या प्रश्नांवरूनच समजलं. त्या तेव्हाच भरल्या.